कुंडी हलवू नका

"काहीतरी पडलं गं," बाबा म्हणाले.

रात्रीचे साडेनऊ झाले असतील. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण बाबांच्या कानांवर माझा विश्वास आहे. दिवा लावून पाहिलं तर अनंताच्या कुंडीशेजारी फरशीवर एक कळी पडलेली. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, टच्च भरलेली, हिरवीगार. कीड नाही, डाग नाही, सुकल्याची खूण नाही. देठापासून जिथे सुटली होती ती जागा इतकी सफाईदार, की कुणी पात्यानं अलगद कापून ठेवली असावी. झाड घरात येऊन चार दिवस झाले होते. येताना त्याच्यावर अकरा कळ्या होत्या. मी मोजल्या होत्या, कारण पहिली कधी उमलते याची मला घाई झाली होती.

पुढच्या पंधरा दिवसांत अकराच्या अकरा गळल्या. काही हिरव्या पडल्या, काही टोकाकडून काळवंडून. एकही उमलली नाही.

त्या कळ्या मला टाकवेनात. एका बशीत जमवत गेले. त्यातली एक उभी चिरून पाहिली, तर आत पाकळ्या एकीवर एक अशा पीळ देऊन बसवलेल्या होत्या, जसं धुतलेलं कापड पिळून ठेवावं. बाहेरून फिकट हिरव्या, आत पांढऱ्या. नाकाशी धरली, नुसता ओल्या पानाचा वास आला. अनंताचा वास अजून तयारच झालेला नव्हता. तो फूल उघडताना तयार होतो, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच वाटलं, की इतकं सगळं रचून झालं होतं आणि ते कामाला आलं नाही.

अनंत मुळात घरात राहणारं झाड नव्हे. जमिनीत लावला तर माणसाच्या उंचीचं, कधी त्याहूनही मोठं, बारा महिने हिरवं झुडूप होतं. पानं जाड, गर्द आणि इतकी तुकतुकीत की पुसून ठेवल्यासारखी दिसतात. समोरासमोर येतात, कधी एका पेरावर तीन-तीन. फांदीचं कोवळं टोक चिमटीत धरलं तर किंचित चिकट लागतं. तो त्याचा राळेसारखा स्राव; डिकेमाली देणारी झाडं याचीच भावंडं आहेत. कुळ कॉफीचं आणि सिंकोनाचं. म्हणजे ज्या कुळानं एका हातानं जगाला जागं ठेवलं आणि दुसऱ्या हातानं हिवतापावरचं क्विनीन दिलं, त्याच कुळानं हे फूलही दिलं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. आपल्या खिडकीतल्या झाडाचे नातेवाईक कोण, हे माहीत असलं की त्याच्याशी बोलायला विषय मिळतो.

पण घरात ठेवायचं तर प्रश्न वेगळा. घर आपण आपल्यासाठी बांधतो. डोळ्यांना सोसेल एवढा उजेड, कोरड्या भिंती, दिवसरात्र एकसारखी ऊब. यातलं काहीच अनंताला नको असतं.

कळ्या का गळल्या याचा मी खूप शोध घेतला. आपण "गळली" म्हणतो, पण खरं तर झाड कळी सोडतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पट्टा आधीपासूनच तयार असतो. कळी जोमात असते तोवर तिच्याकडून ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली वाहत राहतं, आणि ते येत आहे तोवर तो पट्टा घट्ट राहतो. हा ओघ आटला आणि झाडात इथिलीन वायू वाढला, की पट्ट्यातल्या पेशींना धरून ठेवणारा चिकटा विकरांनी (एन्झाइम्सनी) विरघळायला लागतो. मग कळी आपल्याच वजनानं सुटते आणि मागच्या जागेवर झाड खपली धरतं. म्हणून ती जागा इतकी स्वच्छ दिसली होती. झाडाचं एक प्रकारे बरोबरच असतं. जेवढं पोसवेल तेवढंच ठेवायचं, बाकीचं वेळेवर सोडायचं, म्हणजे पानं आणि मुळं वाचतात.

आणि झाडाला न पोसवण्यासारखं मी काय केलं होतं? काचघरातल्या दमट, भरपूर उजेडाच्या हवेतून ते आलं होतं. मी ते आणून दिवाणखान्यात, सोफ्याशेजारच्या तिवईवर ठेवलं, कारण तिथे ते सुंदर दिसत होतं. पहिली कळी पडल्यावर घाबरून खिडकीत नेलं. दुपारी ऊन कडक वाटलं म्हणून आत आणलं. हवेत ओलावा हवा असं वाचलं म्हणून दोन दिवस न्हाणीघरात ठेवलं. तिथे उजेड नाही हे लक्षात आल्यावर जेवणाच्या टेबलावर. रोज पाणी, मध्येच एकदा खत, दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण चांगलंच होतं. त्या पंधरा दिवसांत कुंडीनं पाच जागा बदलल्या. प्रत्येक जागेचा उजेड वेगळा, वारा वेगळा, रात्रीचा गारवा वेगळा. झाड एका जागेचा हिशेब मांडायला लागायचं, तोवर मी जागा बदललेली असायची.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरातली निम्मी झाडं इथेच हरतात आणि आपल्याला ते दिसत नाही. अगदी खरोखर दिसत नाही. आपल्या डोळ्यातली बाहुली अंधारात मोठी होते, उजेडात बारीक होते, आणि मेंदू उरलेली तडजोड करून टाकतो. त्यामुळे खिडकीशी बसलं काय आणि खोलीच्या मध्यावर बसलं काय, आपल्याला दोन्हीकडे "चांगला उजेड" वाटतो. भर उन्हात बाहेर सुमारे 1,00,000 लक्स उजेड असतो. मी फोनवरच्या मापकानं घरात मोजलं. तो काही प्रयोगशाळेतला मापक नव्हे, पण अंदाजाला पुरतो. सकाळी दहाला खिडकीच्या काचेशी 9,000 च्या आसपास. तिथून दहा फूट आत, सोफ्याजवळच्या त्याच तिवईवर, 250. मी तीनदा मोजलं. माझ्या डोळ्यांना दोन जागांत जरासाच फरक वाटत होता आणि झाडाच्या ताटातलं पस्तिसाव्या हिश्शापर्यंत कमी झालेलं होतं. सावलीत तग धरणारी झाडं एवढ्यावर दिवस काढतात. अनंताला मात्र फुलायचं असतं, आणि त्यासाठी त्याला दिवसाचे काही तास थेट कोवळं ऊन लागतं.

हे सगळं समजूनही मी कुंडी एका जागी ठेवली नसती. ती ठेवली बाबांमुळे.

बाबांना काचबिंदू आहे. या आजारात नजर कडेकडेनं जाते. मधलं तेवढं उरतं, एखाद्या नळीतून पाहावं तसं. म्हणून ते वर्तमानपत्राचे मथळे वाचू शकतात आणि समोरच्या तिवईला अडखळतात. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली जपायची, एवढंच हातात असतं. घरात ते चालतात ते आठवणीनं आणि हातानं. खोलीतून बाहेर आले की उजवा हात कपाटाच्या कडेला, मग खुर्चीच्या पाठीला, मग खिडकीच्या गजाला, की आली त्यांची आरामखुर्ची. आमच्याकडे कुणीही खुर्ची इकडची तिकडे करत नाही. तो आमच्या घराचा नियम आहे आणि तो मीच घातलेला आहे.

एके सकाळी मी कुंडी न्हाणीघरातून काढून वाटेत, कपाटाला लागून ठेवली होती. दोन मिनिटांत उचलणार होते. बाबा आले, त्यांचा पाय कुंडीला लागला, ते कपाटाला धरून सावरले आणि कुंडी कलंडली. माती फरशीभर झाली. त्यांना लागलं नव्हतं, पण मला कापरं भरलं. मी माती गोळा करत बसले. ते तिथेच उभे होते, पाय कुठे ठेवावा हे कळत नाही म्हणून.

"कुठे ठेवायचं ते एकदा ठरव," ते म्हणाले, "आणि मग राहू दे त्याला तिथं. मलाही कळेल आणि त्यालाही."

ते शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले असतील. मी मात्र हातात माती घेऊन बराच वेळ बसून होते.

कुंडी पूर्वेच्या खिडकीखाली गेली, लाकडी चौरंगावर, भिंतीला टेकवून. सकाळचं ऊन तिथे दहा-साडेदहापर्यंत थेट येतं, नंतर दिवसभर उजेड. सांडलेली माती बदलायचीच होती, म्हणून मुळांचा गड्डा नीट पाहिला. एक झाड वाटत होतं ती प्रत्यक्षात चार छोटी रोपं होती, शेजारी-शेजारी लावलेली. कुंडी भरगच्च दिसावी म्हणून असं सर्रास करतात. ती मी वेगळी केली नाहीत. मुळं एकमेकांत गुंतली होती आणि तेवढा आणखी एक धक्का द्यायचं धाडस झालं नाही. निचरा होईल अशी हलकी माती, त्यात कोकोपीट आणि पर्लाइटचे हलके पांढरे दाणे, कुंडी जेमतेम एक आकार मोठी. अनंताला ऐसपैस कुंडी मानवत नाही. मुळं पोचलेली नसतात तिथली माती ओली राहते आणि कुजायला सुरुवात होते. शेवटी कुंडीच्या काठावर, खिडकीकडच्या बाजूला, खडूनं एक उभी रेघ ओढली. पानं वाढवायची असतात तेव्हा कुंडी अधूनमधून थोडी फिरवली तर झाड एका अंगाला कलत नाही. पण कळ्या धरल्या की तेही नाही. कळीची मान उजेडाकडे वळलेली असते, आपण फिरवलं की ती पुन्हा वळायला लागते. त्या रेघेमुळे झाडून-पुसून झाल्यावर कुंडी होती त्याच तोंडानं परत ठेवता यायची.

आणि बाबांच्या वाटेवर आणखी एक खूण तयार झाली. कपाट, खुर्ची, खिडकीचा गज, आणि गजाच्या खाली थंडगार, गुळगुळीत पान.

पाणी घालायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. मला सुरुवातीला धास्ती वाटली होती, पण त्यांच्याइतकं चांगलं पाणी घालणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मी कॅलेंडर बघून घालायचे. ते बोट खुपसून पाहायचे. पहिलं पेर कोरडं आणि त्याखाली ओल लागली तर आज नाही. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं होऊ द्यायचं नाही. मग दोन्ही हातांनी कुंडी जागच्या जागी किंचित कलती करून वजन बघायचे. आठवड्याभरात त्यांच्या हाताला भरलेल्या कुंडीचं आणि रिकामी होत आलेल्या कुंडीचं वजन पाठ झालं. घालताना मात्र खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचे आणि ताटलीत साठलेलं ओतून द्यायला मला हाक मारायचे. घोट-घोट रोज पाजण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. अनंताला सुकलेलं सोसत नाही आणि पाण्यात बुडालेलंही. माती एकदा जरी कडकडीत वाळली तरी त्याची शिक्षा आठवड्यानं दिसते, तोवर आपण काय केलं होतं ते विसरलेलो असतो.

फवारा मी बंद केला. फवाऱ्यानं वाढलेला ओलावा काही मिनिटांत विरून जातो, पानांवर डाग राहतात ते वेगळेच. त्यापेक्षा शेजारी आणखी तीन-चार झाडं आणून ठेवली. ती एकमेकांच्या श्वासानं हवा ओली ठेवतात.

झाड स्थिरावलं असं वाटत होतं तेवढ्यात पानं पिवळी पडायला लागली. टोकाची, नवी पानं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जसं हिरव्या धाग्याचं जाळं पिवळ्या कापडावर अंथरावं. मी एक पान खुडून बाबांना दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाही, हात लांब करून दूर धरलं. नळीतून पाहणाऱ्याला वस्तू जवळ आणली की तिचा तुकडाच दिसतो. लांब धरली की अख्खी मावते.

"जुनी पानं हिरवी आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो. खालची सगळी हिरवी."

"मग लोह."

त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. त्या दिवशी मला घरच्या खिडकीत तास मिळाला. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह तसं हलवता येत नाही. जुन्या पानात गेलं ते तिथलंच झालं. म्हणून तुटवड्याचा चटका नव्या पानांना बसतो. आणि लोह मातीत नसतं असं क्वचितच होतं. "असतंच," बाबा म्हणाले, "पण कुलूपबंद." अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (म्हणजे पीएच) 5 ते 6 च्या दरम्यान. आमच्या नळाचं पाणी जड, क्षारांचं. कुंडीच्या काठावर पांढरा पापुद्रा धरला होता, तो मी रोज पाहत होते आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. लिटमससारख्या कागदावर मातीचं पाणी तपासलं तर सामू 7 च्या पुढे गेलेला. सामूच्या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. तेवढ्या अल्कधर्मी मातीत लोह न विरघळणाऱ्या रूपात जाऊन बसतं. मुळं त्याच्या भोवती असून उपाशी राहतात.

मी हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, आणायला निघाले होते. त्यांनी थांबवलं. अशा पाण्यात हिराकस घातलं तर आज हिरवं, उद्या गंज. लोहाला धरून ठेवणारा कुणीतरी हवा. म्हणून चिलेट. हा शब्द ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आला आहे, कारण तो रेणू लोहाच्या अणूला चहूबाजूंनी नांगीत पकडतो आणि मुळापाशी नेईपर्यंत सोडत नाही. त्यातही प्रकार आहेत. ईडीटीए नावाच्या साध्या चिलेटची पकड अल्कधर्मी मातीत सुटते, ईडीडीएचए मात्र धरून राहतं. त्याची भुकटी गडद तांबडी असते. चिमूटभर पाण्यात टाकली की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. तीन आठवड्यांनी नवं पान आलं ते गर्द हिरवं. आम्ही पावसाचं पाणी बादल्यांत धरून ठेवायला लागलो. ते नसेल तेव्हा गाळणयंत्राचं. आंबट काहीतरी ओतायचे घरगुती उपाय लोक सांगतात, पण किती घातल्यावर सामू कितीनं उतरेल हे न मोजता केलेलं काही या झाडावर करू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

रात्री बाबांना वाचून दाखवायची आमची सवय आहे. त्या दिवसांत मी अनंताबद्दलच वाचायचे. त्याचं मूळ घर दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनामचा पट्टा. युरोपात मात्र तो "केप जॅस्मिन" म्हणून ओळखला गेला, कारण एका जहाजाच्या कप्तानानं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून, केपहून, तो इंग्लंडला नेला. तो ना केपचा, ना जाईजुईच्या कुळातला. इंग्लंडमध्ये रिचर्ड वॉर्नर नावाच्या बागप्रेमी गृहस्थांच्या उबदार काचघरात तो फुलला. जॉन एलिस या निसर्गअभ्यासकाला झाडाला वॉर्नर यांचंच नाव द्यायचं होतं, पण वॉर्नर यांनी ते घेतलं नाही. मग 1761 मध्ये नाव ठरलं ते गार्डेनिया, अमेरिकेत चार्ल्सटनला वैद्यकी करणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश डॉक्टरांवरून. ते वनस्पती आणि प्राण्यांचे नमुने गोळा करायचे, सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसशी पत्रव्यवहार करायचे. अमेरिकन क्रांतीत ते ब्रिटिश राजाशी निष्ठा ठेवणाऱ्यांच्या बाजूला होते, म्हणून त्यांना ते घर सोडावं लागलं आणि 1791 मध्ये लंडनमध्ये ते वारले. बाबांना वॉर्नर आवडले. ज्याच्या घरी फुललं त्यानं नाव लावून घेतलं नाही, हे त्यांनी दुसऱ्या दिवशीही एकदा बोलून दाखवलं.

जपानी भाषेत अनंताला कुचिनाशी म्हणतात. तोंड नसलेलं, असा त्याचा अर्थ लावतात. त्याचं फळ पिकलं तरी उकलत नाही. त्या फळात क्रोसिन असतं. केशराला ज्यानं रंग येतो तेच. शतकानुशतकं त्यानं कापडं पिवळी रंगवली आहेत. आमच्या झाडाला फळ धरणार नाही, ते भरगच्च पाकळ्यांचं आहे. अशा फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. एकेरी, सहा पाकळ्यांच्या अनंताला फळ येतं.

वर्ष गेलं. एकदा पिठ्या ढेकूण झाला, पानांच्या बेचक्यांत कापसासारखा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीनं एकेक टिपून काढला, आठ-आठ दिवसांनी, चार वेळा. तेवढ्यावर भागलं.

मग रात्री गार व्हायला लागल्या. दिवाणखान्याच्या मधोमध ऊब असायची, पण काचेशी, चौरंगावर, रात्री पारा 16-17 पर्यंत उतरायचा. मी तापमापक ठेवला होता. अनंताला कळ्या धरायला हाच गारवा लागतो. रात्री उबदार असल्या तर तो पानं वाढवत बसतो. सोफ्याशेजारी तो शंभर वर्षं ठेवला असता तरी ही थंडी त्याला मिळाली नसती.

कळी पहिल्यांदा बाबांना सापडली. जाता-जाता पानाला हात लावायची त्यांची सवय, त्यात टोकाशी काहीतरी टणक, निमुळतं लागलं. त्यांनी मला बोलावलं आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. तांदळाच्या दाण्याएवढी होती. त्या दिवशी दोन मिळाल्या, पुढच्या आठवड्यात आणखी तीन. पाच.

मग सहा-सात आठवडे आम्ही काहीही केलं नाही. माझ्या दृष्टीनं हे सगळ्यात अवघड काम होतं. खत नाही, छाटणी नाही, कुंडीला हात नाही. पाणी तेवढं बोटानं पाहून. पाहुणे आले तरी त्या खिडकीचा पडदा रोजच्या वेळेलाच ओढला. मी रात्री निजताना कान देऊन ऐकायचे, फरशीवर काही पडतं का. एक पडली, तिसऱ्या आठवड्यात. चार राहिल्या. त्या फुगत गेल्या, हिरव्याच्या फिकट झाल्या, पीळ बाहेरून दिसायला लागला. आधी टोकाशी पांढरी रेघ, मग पांढरा दोरा, मग पिळाच्या कडा एकमेकींपासून सुटताना.

एका रात्री मी स्वयंपाकघर आवरत होते. बाबांनी आरामखुर्चीतून हाक मारली.

"उमललं बघ."

"दिवा लावू का?"

"नको. आधी इथं ये."

त्या अंधारात मी त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले तेव्हा वास आला. तो आला असं म्हणणं कमीच आहे. तो तिथे होताच, मी त्याच्यात गेले. दाट, गोड, आणि त्या गोडव्याच्या तळाशी काहीतरी हिरवं, ओलसर. हा वास पतंगांसाठी असतो. रात्री उडणाऱ्यांना रंग कशाला, म्हणून फूल पांढरं आणि बाकी सगळी मेहनत वासावर. बाजारात गार्डेनिया म्हणून मिळणाऱ्या बहुतेक अत्तरांचा वास प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. बाबांनी दोन-तीनदा श्वास ओढून घेतला आणि म्हणाले, "लिनालूल तर आहेच. पण बाकीचं काय आहे ते मला सांगता येत नाही." आणि मग म्हणाले, "काही नको सांगायला."

मी दिवा लावला. फूल पूर्ण उघडलं नव्हतं. बाहेरच्या पाकळ्या मागे वळलेल्या, आतल्या अजून अर्ध्या पिळात. पांढरं असं, की त्याच्यापुढे भिंत पिवळट दिसत होती. बाबा उठले. कपाटाकडून नव्हे, खुर्चीतून थेट, दोन पावलं. त्यांचा हात गजावर आला, खाली उतरला आणि फुलाकडे गेला.

"बाबा, हात नका लावू!" माझ्या तोंडून निघून गेलं. अनंताच्या पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग पडतो. कातडी इतकी नाजूक की नुसत्या दाबानं आतल्या पेशी फुटतात. हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि वर्षभर सांभाळलेलं पहिलं फूल मला डागाविना हवं होतं.

हात हवेत थांबला. त्यांनी तो मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. ते फूल त्यांच्या नळीत मावत नव्हतं, ते फार जवळ उभे होते. त्यांना पाकळीचा एखादा तुकडा दिसत असेल, पांढरा, कडा नसलेला.

मी त्यांचा हात धरला आणि फुलावर ठेवला.

त्यांनी घाई केली नाही. आधी बाहेरची पाकळी, कडेनं, टोकापासून बुडापर्यंत. मग दुसरी. अंगठा आणि तर्जनीत धरून जाडी पाहिली. मग पिळात बोट घालून तो कुठल्या दिशेनं फिरतो ते पाहिलं, उजवीकडून की डावीकडून, आणि स्वतःशीच मान हलवली. शेवटी खालच्या देठापर्यंत गेले, जिथून वर्षापूर्वी त्या अकरा सुटल्या होत्या, आणि तिथे बोट टेकवून थांबले.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

सकाळी ऊन आलं तेव्हा फूल पूर्ण उघडलेलं होतं. बाहेरच्या दोन पाकळ्यांवर तपकिरी ठसे उमटले होते. एक लांबट, कडेनं गेलेला, आणि एक गोल, अंगठ्याचा. फुलाची पांढराई दुसऱ्या दिवशी हस्तिदंती झाली, तिसऱ्या दिवशी पिवळसर. सुकत आलेलं फूल देठासकट खुडून टाकावं म्हणजे मागच्या कळ्यांना जोर येतो, म्हणून मी कात्री घेऊन गेले होते. पण ते ठसे अजून दिसत होते. मी कात्री चौरंगावर ठेवून दिली आणि खडूची रेघ पुसट झाली होती ती पुन्हा ओढली.